माकूळबाईंचं रफू

तीर्थस्वरूप ताईंच्या सेवेशी,

धाकट्या जावयाचा, दोन्ही हात साबणाने तीनदा धुऊन मग केलेला नमस्कार. (जावई मी खरं तर सासूबाईंचा. पण त्या गेल्यापासून त्यांची खुर्ची, त्यांचा चष्मा आणि त्यांचा धाक ही तिन्ही तुमच्याकडे आली आहेत, तेव्हा तुमचाही जावईच.) तुमच्या पत्राला पाच आठवड्यांत उत्तर गेलं नाही, याबद्दल आधी माफी मागतो. कारण खाली येतंच आहे. ते साडेआठ मीटर लांब आहे. तुमचे गुडघे आता कसे आहेत? डॉक्टरांनी जिने चढू नका सांगितलं आणि तुम्ही त्यांच्याच दवाखान्याचे दोन जिने चढून त्यांना जाब विचारायला गेलात, हे ऐकून प्रकृती पूर्वीसारखीच आहे असा मी अंदाज बांधला. आमच्या साडूभाऊंना कानाचं नवं यंत्र मानवलं का? ते कधी सुरू ठेवायचं आणि कधी बंद, हे त्यांना नीट जमू लागलं असेल. (हे वाक्य त्यांना मोठ्याने वाचून दाखवू नये, ही विनंती.)

इकडे आम्ही दोघंही ठीक आहोत. तुमची धाकटी बहीण चोपन्न वर्षांची झाली तरी तुम्ही तिला छोटीच म्हणता, म्हणून या पत्रापुरतं मीही तसंच म्हणतो. समोर म्हणायची माझी छाती नाही.

तर झालं असं. मी संग्रहालयात मेलेल्या प्राण्यांत पेंढा भरतो हे तुम्हाला माहीत आहेच. (लग्न ठरत असताना तुम्ही हेच वाक्य याच शब्दांत उच्चारलं होतं, फक्त त्याच्या शेवटी एक भलंमोठं प्रश्नचिन्ह होतं.) हे काम कोरडं असतं, ताई. कातडं, पेंढा, तार, काचेचे डोळे आणि पुष्कळसा धीर. तेहतीस वर्षांत माझ्या हातून एक वाघ, दोन अस्वलं, शंभरेक पक्षी आणि एक मगर गेली, पण त्यांतल्या कुणीही माझे बूट ओले केले नाहीत. असं सगळं सुरळीत चाललेलं असताना एके सकाळी आमच्या संचालकसाहेबांनी मला आत बोलावलं आणि स्वतः उठून माझ्या हातात चहाचा कप दिला. साहेब फार सभ्य माणूस. वाईट बातमी ते कधीही चहाशिवाय देत नाहीत. मी कप तसाच हातात धरून उभा राहिलो. ते म्हणाले, "खोल समुद्रातल्या एका बोटीच्या जाळ्यात महाकाय माकूळ सापडलंय. मेलेलंच वर आलं. सध्या मासळीच्या शीतगोदामात आहे. आपण ते जतन करून मधल्या दालनात ठेवतोय." इथे 'आपण' म्हणजे मी, हे मला तिथल्या तिथे समजलं. मी म्हटलं, साहेब, मी सुक्यातला माणूस. त्यावर ते म्हणाले, जतन ते जतन, त्यात ओलं काय नि सुकं काय. साहेब इतिहासाचे पदवीधर आहेत.

माकूळ तुम्ही मासळीबाजारात पाहिली असेल. वीतभर, फार तर हातभर, पांढुरकी, दहा पायांची. आमच्याकडे आली ती ट्रकमधून, आणि चादर काढल्यावर ट्रक संपला तरी ती संपत नव्हती. आमच्या दारापासून मागच्या मोरीपर्यंत जा, तिथून वळून स्वयंपाकघरात या, एवढी. वजन दोनशे किलो. डोळा जेवणाच्या ताटाएवढा. पोपटाची असते तशी चोच, पण नारळ फोडेल अशी. ती तो की ते, यावर पहिले दोन दिवस दरवानापासून साहेबांपर्यंत सगळ्यांनी वाद घातला. शेवटी सागरी संशोधन संस्थेतून ज्या डॉक्टरीणबाई आल्या होत्या त्यांनी तपासून सांगितलं की ही मादी आहे. तेव्हापासून सगळं संग्रहालय तिला 'बाई' म्हणू लागलं. "बाई कशा आहेत?" "बाईंचं अंग अजून गार आहे." बाहेरच्या माणसाला वाटावं, कुणाची तरी सासू आजारी आहे.

या डॉक्टरीणबाई तिशीच्या, काटकुळ्या, आणि माकूळ या एकाच विषयावर आठ वर्षं घालवलेल्या. पण अखंड महाकाय माकूळ त्यांनी आयुष्यात पाहिली नव्हती; पाहिले ते तुकडे. ट्रकमधली चादर निघाली तेव्हा त्या एका बाजूला जाऊन नाक शिंकरून आल्या. (वास होताच, पण शिंकरणं वासाचं नव्हतं.) त्यांनीच मला सांगितलं की या प्राण्याचा मेंदू मेदुवड्यासारखा मधे भोक असलेला असतो आणि अन्ननलिका त्या भोकातून जाते, त्यामुळे घास मोठा घेतला तर मेंदूला दुखापत होऊ शकते. मी म्हटलं, म्हणजे जेवताना विचार करायची सोयच नाही. त्या म्हणाल्या, शास्त्र असं म्हणत नाही. फार गंभीर मुलगी.

पहिली अडचण वितळण्याची. बाई गोठून दगड झालेल्या. हात आणि शुंडा (म्हणजे सोंडेसारखे दोन लांब हात) बारीक, ते लवकर सुटणार. धड जाड, ते आत चार दिवस बर्फच राहणार. म्हणजे धड वितळेपर्यंत हात नासणार. यावर उपाय असा की धडावर गार पाणी सोडायचं आणि त्याच वेळी हातांवर बर्फाच्या पिशव्या ठेवायच्या. एकाच देहाला एका टोकाला वितळवण्याचं आणि दुसऱ्या टोकाला गार ठेवण्याचं हे काम मी चार दिवस केलं. आठ हात आणि दोन शुंडा, म्हणजे दहा ठिकाणी पिशव्या. दहावी पिशवी बदलेपर्यंत पहिली वितळलेली असायची. आणि वास, ताई! हिच्या मांसातच नवसागरासारखं काहीतरी असतं. तो वास कपड्यांना लागतो, केसांना लागतो, आणि मग बसमध्ये आपल्याला हवी तिथे बसायला जागा मिळते. घरी छोटीने मला तीन दिवस गच्चीवर कपडे बदलायला लावले आणि चौथ्या दिवशी जेवणाचं ताटही तिथेच आणून दिलं.

एवढं होईपर्यंत उद्घाटनाची तारीख ठरली, आमंत्रणं छापून झाली, शाळांना कळवून झालं. आणि मग ज्या दिवशी बाईंना जतनाच्या हौदात उतरवायचं, त्या दिवशी घात झाला. जाड कापडाच्या झोळीत घालून आठ जणांनी उचलायचं होतं. साहेब म्हणाले, मी तीन आकडे मोजतो, तीनला उचला. आता 'तीनला' म्हणजे तीन म्हणताना की तीन म्हणून झाल्यावर, याबद्दल आठ माणसांत दोन तट असू शकतात, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. (मी 'म्हणताना'वाल्यांत होतो. अजूनही आहे.) एक बाजू उचलली गेली, दुसरी राहिली, झोळी कलली, आणि बाईंच्या पाठीवर, अगदी दर्शनी भागात, हातभर लांब टर्रकन फाटलं. तो आवाज मी विसरणार नाही. ओलं जाड कापड फाटतं तसा. आठही जण झोळी धरून उभे, कुणी कुणाकडे बघेना.

साहेब एका रिकाम्या खोक्यावर बसले. डॉक्टरीणबाईंनी शस्त्रक्रियेचा दोरा काढून तिथेच टाके घालून पाहिले, पण टाका ओढला की मांसातून सरळ पार होऊन यायचा. सायीत सुई घातल्यासारखं. तिसऱ्या टाक्याला चीर आणखी वाढली. त्यांनी हातातलं सामान खाली ठेवलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "असं फाटत गेलं तर अखंड ठेवता येणार नाही. तुकडे करून बरण्यांत भरावे लागतील." म्हणजे पुन्हा तुकडेच. त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. ताई, मी आजवर बरेच मेलेले प्राणी पाहिलेत, पण त्या दिवशी मला त्या जिवंत मुलीचं फार वाईट वाटलं.

आणि नेमकी अशा वेळी छोटी आत आली. मी डबा विसरलो होतो, तो द्यायला. नाकाला रुमाल, काखेत पिशवी. दरवान तिला अडवत नाही. त्याच्या कोटाची कोपरं तिनेच रफू करून दिली आहेत. (तुम्हाला ठाऊकच आहे, तिचं काम असं की अर्ध्या गावाच्या कोटांत, स्वेटरांत आणि गालिच्यांत ती आहे, पण कुणाला दाखवता येत नाही. दिसलं तर ते रफू कसलं.) तिने डबा टेबलावर ठेवला, सगळ्यांची तोंडं पाहिली, मग हौदाशेजारी जमिनीवर ठेवलेल्या झोळीपाशी जाऊन खाली वाकली आणि हातमोजा न घालताच त्या चिरेच्या कडेवरून बोट फिरवलं. मी ओरडणार होतो. ती म्हणाली, "याला शिवून नाही चालायचं. शिवण ताण घेते. याला रफू हवं."

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, या कोण. मी म्हटलं, माझी बायको.

"ही फार मऊ आहे," छोटी त्यांना म्हणाली, जणू दुकानात कापड बघतेय. "मऊ कापडावर धागा बसत नाही. आधी खळ घालावी लागते. तुमच्याकडे हिला जरा कडक करायला काही आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग हौदाकडे. आमच्याकडे फॉर्मलिन होतं, ताई. हौद भरून. फॉर्मलिनने मांस कडकच होतं; तेच तर त्याचं काम. आम्ही सगळे तज्ज्ञ आधी शिवून मग भिजवायच्या मागे लागलो होतो. आधी भिजवून मग शिवावं, हे सांगायला डबा घेऊन आलेलं माणूस लागलं. साहेब खोक्यावरून उठले आणि त्यांनी छोटीला चहा दिला. ती घाबरली नाही, कारण साहेबांच्या चहाचा अर्थ तिला माहीत नाही.

मग बारा दिवस बाई फॉर्मलिनमध्ये राहिल्या, चीर खालून आधार देऊन. बाराव्या दिवशी हौद उपसला, मांस धुतलं, पंखे लावले, आणि छोटी कामाला बसली. सहा दुपारी लागल्या. डोळ्यांना जाड चष्मा, नाकाला मुखवटा, हाताला पातळ मोजे, बसायला माझं बुटकं स्टूल. चिरेच्या खाली तिने बारीक जाळीचं कापड सरकवलं आणि त्या जाळीत उभे-आडवे धागे घेत घेत कडेला कड आणली. एक टाका ओढायचा नाही, ठेवायचा. डॉक्टरीणबाई समोर बसून कड धरायच्या. मधेच छोटीचा आवाज यायचा, "हलू नका हं बाई," आणि डॉक्टरीणबाई म्हणायच्या, मी नाही हलले, आणि छोटी म्हणायची, तुम्हाला नाही, यांना. तिसऱ्या दुपारी मी त्या गंभीर मुलीला हसताना पाहिलं. चौथ्या दुपारी तिने छोटीला मेंदूच्या भोकाची गोष्ट सांगितली, तर छोटी माझ्याकडे बघून म्हणाली की असा एक प्राणी आमच्या घरीही आहे. शास्त्राने यावर काही हरकत घेतली नाही.

मी बाजूला उभा राहून ही दोन बायकांची बैठक बघत होतो. एकतीस वर्षं झाली आमच्या लग्नाला, पण तिचं काम मी इतक्या जवळून कधी पाहिलंच नव्हतं. ती पुढच्या खोलीत फाटलेलं सांधायची, मी संग्रहालयात मेलेलं उभं करायचो, आणि रात्री जेवताना दोघंही म्हणायचो, आज विशेष काही नाही. सहाव्या दुपारी तिने शेवटचा धागा कापला आणि पाठ दोन्ही हातांनी दाबत उठली. चीर कुठे होती ते मला, म्हणजे जो ती फाटताना हजर होता त्या माणसाला, शोधावं लागलं.

मधल्या दालनातल्या काचेच्या टाकीत सोडल्यावर बाई उलट्या होऊन तरंगू लागल्या, हे फार लांबवत नाही. (मांस पाण्यापेक्षा हलकं, म्हणून.) त्यांना मासे धरायच्या नायलॉन दोऱ्याने तळाशी बांधायला दोन दिवस गेले आणि त्यात मी एकदा टाकीत पडलो, तेही लांबवत नाही.

उद्घाटन झालं. गर्दी एवढी की मगरीला पंचवीस वर्षांत जेवढी माणसं लाभली नाहीत तेवढी एका सकाळी आली. साहेबांनी भाषणात बोटीचे आभार मानले, शीतगोदामाचे मानले, टाकी बनवणाऱ्याचे, ट्रकचालकाचे, माझेही मानले, आणि 'ज्ञात-अज्ञात तज्ज्ञ' म्हणून थांबले. छोटी मागच्या रांगेत होती. मी तिच्याकडे बघितलं तर ती टाळ्या वाजवत होती. मला मात्र ते झोंबलं. पण मला काही बोलावं लागलं नाही. दुपारी एक म्हातारे गृहस्थ टाकीसमोर आले, लोक डोळा बघत होते, चोच बघत होते, हे पाठीपाशीच थांबले. नाक काचेला लावून दहा मिनिटं. मग दरवानाला म्हणाले, "हे रफू कुणी केलंय?" चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. दरवानाने छोटीला पुढे आणलं. त्यांनी तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, हात चांगला आहे. वरून तिसऱ्या ओळीत दोन टाके सैल आहेत." एवढं बोलून ते घरी गेले. ताई, संचालकांनी शाल घालून सत्कार केला असता तरी तिचा चेहरा तसा फुलला नसता. चार दिवस ती ते दोन सैल टाके सगळ्यांना सांगत होती.

डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांच्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. काय बोलणं झालं कळलं नाही, पण या वेळी चहा साहेबांनाच प्यावा लागला असावा. आता टाकीखालच्या पाटीवर एक ओळ वाढली आहे. 'रफू', आणि पुढे छोटीचं पूर्ण नाव, माहेरच्या आडनावासकट. म्हणजे तुमचं आडनावही संग्रहालयात लागलं. साडूभाऊंना हे मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

बाकी सर्व क्षेम. लोभ आहेच, तो वाढवा असं सध्या म्हणत नाही, आधी अंगाचा वास जाऊ दे.

तुमचा,
सुक्यातून ओल्यात पडलेला
धाकटा जावई

ता. क. या पत्राला वास येत असेल तर अर्धा दिवस उन्हात ठेवून मग वाचावं. ही सूचना वर लिहायला हवी होती, हे आता लक्षात आलं.

दुसरा ता. क. ताई, वर सगळं खरं लिहिलं, पण सगळं लिहिलं नाही. रफू करताना सहाही दुपारी सुईत दोरा मी ओवून देत होतो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, चष्म्यावर वाफ धरलीये. दुसऱ्या दिवशी पंखे चारही लावले होते, वाफ कुठली असणार? मी ओवत राहिलो. धाग्याचे रंग तिने डॉक्टरीणबाईंना निवडायला सांगितले, 'तुमची बाई, तुम्हीच ठरवा' म्हणून. काम तिने सगळं बोटांनी केलं. आणि उद्घाटनाच्या दिवशी, सगळे गेल्यावर, ती टाकीजवळ उभी राहून मला म्हणाली, "पाणी एवढं गढूळ का ठेवलंत? निदान काच तरी पुसायची." पाणी असं नितळ होतं की बाईंच्या हातावरच्या चोषकांच्या वाट्या मोजाव्यात. मी म्हटलं, हो, सांगतो पुसायला, आणि दरवानाला खरोखरच काच दोनदा पुसायला लावली. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊया म्हटलं तर म्हणते, मला काय धाड भरलीये. माझं ती ऐकत नाही. तुमचंच ऐकते. तेव्हा माकूळ बघायला म्हणून या, बघा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हाताला धरून न्या. गुडघ्यांसाठी स्टेशनावर खुर्चीची सोय मी करतो. कपाटावरचं ते घुबड तुम्हाला आवडत नाही, तेही मी माळ्यावर टाकतो.

तिसरा ता. क. माझं कुठलंही पत्र टपालात पडण्याआधी छोटी वाचते, हा आमच्या घरचा नियम. म्हणूनच हे मी इतक्या बारीक अक्षरात लिहिलं. आज सकाळी तिच्या हातात दिलं. खिडकीत उभी राहून तिने सगळी पानं पाहिली, बेताबेताने उलटली, दोन ठिकाणी हसलीही. (दोन्ही ठिकाणी हसण्यासारखं काही नाही.) दुसऱ्या ता. क.वर बराच वेळ थांबली, तेव्हा मी उगाच पाकिटावर तुमचा पत्ता लिहायला घेतला. मग पानं नीट जुळवून परत दिली आणि म्हणाली, "छान लिहिलंय. फक्त ताईला माझा नमस्कार सांगायचा राहिला."

तिचा नमस्कार. लवकर या.